फॉरमॅट करायचं नाही

मिस्त्रींनी बोलायचा सराव बंद केला त्याला आठवडा होत आला होता.

मिस्त्री म्हणजे ताईंचे यजमान. जन्मभर सुतारकाम केलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची, आणि चारचौघांत ताईसुद्धा. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला होता, तो हळूहळू वळायला लागला. पण शब्द जे गेले ते परतायचं नाव घेईनात. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं. बातम्या ऐकून ते मान हलवायचे, विनोदाला हसायचे. फक्त ‘पाणी’ म्हणायला जावं तर तोंडातून ‘खिळा’ निघायचं, आणि मग स्वतःचाच राग येऊन ते समोरचं भांडं ढकलून द्यायचे. दोन शब्द मात्र कसे कोण जाणे धडधाकट राहिले होते: “काही नाही.”

स्पीच थेरपिस्ट तरुण होती, पण खमकी. तिने चित्रांचा एक गठ्ठा दिला होता. रोज चित्रं दाखवायची, मिस्त्रींनी नाव सांगायचं, आणि ताईंनी त्याचा फोनवर व्हिडिओ घ्यायचा. महिनोन्‌महिने हे चाललं. मग एके दिवशी मिस्त्रींनी गठ्ठा उचलला आणि कपाटावर टाकला.

“काही नाही,” ते म्हणाले. म्हणजे काही उपयोग नाही.

ताईंनी समजावलं, लाडीगोडी लावली, अबोलाही धरून पाहिला. मिस्त्री ढिम्म. शेवटी ताईंनी थेरपिस्टला फोन केला.

“त्यांना तुमचं पटणार नाही आणि माझंही पटणार नाही,” ती म्हणाली. “सुरुवातीचे व्हिडिओ दाखवा. त्यांचं त्यांना पटू दे.”

ताईंनी लगेच फोन उघडला. फोटो असायचे तिथे नुसते करडे चौकोन. एकावर बोट ठेवलं तर काहीच उघडेना. वरून एक पट्टी सरकत आली: मेमरी कार्ड खराब झाले आहे. फॉरमॅट करायचे?

खाली दोन बटणं होती. ताईंचं बोट ‘होय’वर जाता जाता थांबलं. ‘फॉरमॅट’ म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, पण न वाचता सही करायची नाही हा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी फोन बंद केला, पदर खोचला आणि थेट कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या.

दुकानात गर्दी होती. मोबाइलवाल्याने एका हाताने कोणाची तरी काच बसवत दुसऱ्या हाताने त्यांचा फोन घेतला. “सोपं आहे काकू. फॉरमॅट मारतो, दोन मिनिटांत कार्ड नव्यासारखं.”

“नव्यासारखं म्हणजे?”

“सगळं पुसलं जातं ना. कोरं करकरीत.”

ताईंनी त्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. “पुसायचं असतं तर घरी फडकं होतं माझ्याकडे. आतलं मला हवंय!”

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मोबाइलवाल्याने हातातली काच खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. “काय आहे आत?”

ताईंनी सांगितलं. मग त्याने फोन बंद असल्याची खात्री केली, बारीक पिन भोकात दाबून ट्रे बाहेर काढला आणि नखाएवढं कार्ड ताईंच्या तळहातावर ठेवलं.

“हे परत फोनमध्ये घालू नका. यावर नवीन काही पडलं की जुनं गेलं. कॉम्प्युटरवर रिकव्हरीचा प्रोग्रॅम लावला तर काही फायली निघतात कधी कधी. माझ्याकडे आत्ता मशीन अडकलंय, आणि खोटं कशाला बोलू, खात्री मी देणार नाही. प्रोग्रॅमचं नाव सांगतो.”

“खात्री मागितलीच नाही मी,” ताई म्हणाल्या. “नाव सांग.”

ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायच्या. दिवसभर डोळ्यांसमोर तिळाएवढे स्क्रू, हातात चिमटा. त्यांनी ते कार्ड चष्म्याच्या डबीत मऊ कापडावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच डबी मालकांसमोर ठेवली.

मालक भला माणूस, पण घाबरट. “ताई, आपल्या कॉम्प्युटरला काही झालं तर? डोळे तपासायचं यंत्र त्यालाच जोडलंय.”

“त्यावर नकोच. मागच्या खोलीत जुना पडलाय ना? तो मेला तरी रडायला कोणी नाही.”

दोघांनी मिळून खोक्यांच्या ढिगामागून जुना कॉम्प्युटर काढला. तो चालू व्हायला इतका वेळ घेत होता की मधल्या वेळात ताईंनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बदलून दिली. कार्ड रीडरमध्ये घातलं. कॉम्प्युटरनेही तोच प्रश्न विचारला: फॉरमॅट करायचे?

“होय म्हणू?” मालकांनी माउसवर हात ठेवला.

“नाही!” ताईंनी त्यांचं मनगटच धरलं. मग ओशाळून सोडलं. “म्हणजे… नाही म्हणा.”

प्रोग्रॅम सुरू झाला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची, मध्येच थांबायची, आणि कार्ड सापडत नाही म्हणून सगळं पहिल्यापासून. दुपारपर्यंत तीच रडकथा. मालक म्हणाले, “ताई, नशिबात नसेल.”

“नशिबाचं नंतर बघू. हे रीडर ढिलं आहे, हाताला जाणवतंय. घरी दुसरं आहे का तुमच्याकडे?”

होतं. मालक जेवायला गेले तेव्हा कॅमेऱ्याच्या पिशवीतून घेऊन आले. ते घट्ट बसलं, आणि यावेळी पट्टी सरकत राहिली. ताई एक भिंग बसवायच्या, आत डोकावून यायच्या. परत एक भिंग, परत डोकावणं. दुकान बंद व्हायच्या सुमाराला पडद्यावर फायलींची रांग उभी राहिली. मालकांनीच आधी टाळी वाजवली.

पण नुसत्या फायली मिळाल्या होत्या. त्यांची नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या. नुसते आकडे. काही उघडेनात, काहींत चित्र अर्ध्यावर हिरवं पडायचं. इस्पितळातला अगदी पहिला व्हिडिओ तर कुठेच नव्हता. ताईंनी तो पुन्हा पुन्हा शोधला. मग नाक पुसलं आणि जे होतं ते लावायला घेतलं.

पुढचे काही दिवस काम संपलं की त्या मागच्या खोलीत बसायच्या. तारखा नसल्या म्हणून काय झालं, मिस्त्रींचा चेहरा होता ना. दाढी वाढलेली आणि उशीला टेकलेले, म्हणजे घरी आणल्यावरचे. चाकाची खुर्ची, म्हणजे त्यानंतरचे. वॉकर भिंतीला उभा, म्हणजे अजून नंतरचे. काठी दिसली की अलीकडचे. निळा स्वेटर दोन हिवाळ्यांत घातलेला, तिथे जरा गोंधळ झाला. पण एकात मिशी वाकडी कापलेली होती. ती ताईंनीच पहिल्यांदा कापली होती, त्यावरून ओळख पटली.

असे लावता लावता त्यांनाही नवल वाटू लागलं. खुर्चीतल्या मिस्त्रींना करवतीचं चित्र दाखवलं तर ते “चहा” म्हणत होते, आणि आपण बरोबर बोललो असं समजून हसत होते. वॉकरच्या दिवसांत “चहा” म्हणून स्वतःच मान हलवत होते: चुकलं. काठीच्या दिवसांत घाम फुटेपर्यंत झगडून “कर… कर…” म्हणत होते. रोज समोर असून हे ताईंना दिसलं नव्हतं. त्यांनाही आतून वाटत होतंच की काही फरक नाही. फक्त त्यांनी ते तोंडातून काढलं नव्हतं.

नवं कार्ड त्यांनी त्याच मोबाइलवाल्याकडून घेतलं आणि त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने बसवलं. सोनेरी बाजू खाली, ट्रे सरळ. फोनने विचारलं, कार्ड फोनचाच भाग करायचं की वेगळं वापरायचं?

“फोनचाच भाग केलं तर दुसऱ्या कुठे घालून वाचता येत नाही,” मोबाइलवाला म्हणाला. “फोन गेला की तेही गेलं.”

“मग वेगळं. आणि कॅमेऱ्याचं सगळं थेट यातच जाऊ दे. कुठे सांगायचं ते? तू करू नकोस, मला दाखव.”

त्याने दाखवलं. काढायचं झालं तर आधी सेटिंगमध्ये जाऊन कार्ड सोडवायचं, मगच पिन लावायची, हेही दाखवलं. निघालेले सगळे व्हिडिओ ताईंनी नव्या कार्डावर घेतले, एक प्रत दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली, आणि नणंदेने रोज पाठवलेली सुविचारांची फुलं एकगठ्ठा उडवून दिली. फोन हलका झाला.

रविवारी सकाळी चहानंतर त्या मिस्त्रींच्या शेजारी बसल्या. “अहो, हे बघा.”

मिस्त्रींनी पाहिलं. पडद्यावर खुर्चीत बसलेला, तोंडाची एक बाजू ओघळलेला माणूस करवतीला चहा म्हणून हसत होता. मिस्त्रींचा चेहरा काळवंडला. त्यांनी डाव्या हाताने फोन ढकलला.

“पूस,” ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

ताई क्षणभर बघतच राहिल्या. इतक्या महिन्यांत असा न अडखळता आलेला अचूक शब्द, आणि तो हा.

“पुसणार नाही.”

“पूस! पूस!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“नाही पुसणार,” ताईंचाही आवाज चढला. “तुम्हाला त्याची लाज वाटते, मला नाही वाटत. त्या माणसाला मी घास भरवलाय. त्याची मिशी कापलीय. रोज सकाळी उठून तो तुमच्यासाठी झगडत होता, आणि तुम्ही त्यालाच पुसून टाका म्हणता? राग यायचा तर माझा येऊ दे. पण पुढचा बघा, मग बोला.”

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. ताईंनी पुढचा व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. खोलीत मिस्त्रींचाच आवाज घुमला: “कर… कर… करव…” मग धाप. मग एकदम, तुटक पण पुरतं, “करवत.”

मिस्त्रींची मान हळूहळू वळली. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, अंगठ्याने चाचपडत आधीचा व्हिडिओ परत लावला. चहा. मग दुसरा. करवत. पुन्हा पहिला. रंधा मारल्यावर फळीवरून हात फिरवून बघायचे, तसे ते बराच वेळ दोन्हींवरून फिरत राहिले. गप्प राहणं ताईंना सगळ्यांत जड गेलं.

शेवटी मिस्त्रींनी कपाटाकडे बोट केलं. ताईंनी उठून चित्रांचा गठ्ठा काढला.

त्या दिवशी निम्मी चित्रं चुकली. किल्लीला ते “जिना” म्हणाले आणि वैतागून टेबलावर थाप मारली. पण उठले नाहीत. सराव संपल्यावर ताई म्हणाल्या, “आता या व्हिडिओंना नावं द्या. जुन्यांचा एक फोल्डर, नव्यांचा एक. मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा.”

मिस्त्री ओठ हलवत बसले. ताईंच्या जिभेवर शब्द आला होता, तो त्यांनी दातांमागे धरून ठेवला.

“आ… आधी,” मिस्त्री म्हणाले.

ताईंनी टाइप केलं. “आणि हा?”

याला जास्त वेळ लागला. मध्ये एकदा “खिळा” आलं, ते त्यांनी स्वतःच हाताने झटकून टाकलं. “आ… आता.”

पुढच्या महिन्यात थेरपिस्ट घरी आली, तिने दोन्ही फोल्डर पाहिले आणि म्हणाली, “काका, हे ‘आता’ आता जुनं झालं. तुम्ही याच्या पुढे गेलात.”

मिस्त्रींनी फोन मागून घेतला. ताई मदतीला सरसावल्या तशी त्यांनी कोपराने अडवलं. डाव्या अंगठ्याने एकेक व्हिडिओ धरून ते ‘आता’मधून ‘आधी’त टाकत गेले. एक मध्येच निसटला, तो त्यांनी परत धरला. ‘आता’ रिकामा झाला, तेव्हा त्यांनी मान वर केली, चित्रांचा गठ्ठा जवळ ओढला आणि फोन ताईंच्या हातात दिला.

“घे,” ते म्हणाले. “नवा.”