सुंदरीची पडवी

लखूच्या घरात सातेरी उगवली, ती देवाच्या कोपऱ्यात नाही की चुलीपाशी नाही. सून जिथं अंथरूण टाकायची, नेमकी तिथंच उगवली.

सातेरी म्हणजे वारूळ. परक्या माणसाला ते वाळवीनं घातलेलं मातीचं ढेकूळ दिसतं, आम्हाला त्यात देवी दिसते. दसऱ्याला ती वाटीएवढी होती, दिवाळीला घागरीएवढी झाली, आणि पुढं तिनं ताळच सोडला. लखूच्या बायकोनं, रुक्मानं, एका संध्याकाळी तिच्या माथ्यावर पणती ठेवली, तर सकाळी तेल घालायला शिडी लावावी लागली. रुक्मा म्हणते शिडी नव्हती, पाट होता. बायकांना सगळं थोडं कमी करून सांगायची खोडच असते.

तर आमच्यात रीत अशी की सातेरीला हात लावायचा नाही. ती आली की आपण सरकायचं. लखूच्या आज्याच्या घरात ती आली तेव्हा त्यानं घर चार हात वर सरकवलं. ती तिथं आली, त्यानं आणखी वर सरकवलं. असं करत करत ते घर डोंगर चढलं, माथ्यावर घटकाभर टेकलं आणि पलीकडच्या अंगाला उतरलं. दिग्गीच्या वाटेवर आमची पाच घरांची वाडी अशी आडबाजूला का, याचं खरं कारण हे. सर्व्हेवाले वेगळं सांगतील. ते नंतर आले.

पण त्या वेळी जंगल नुसतं जंगल होतं. पुढं ते राखीव झालं, मग अभयारण्य झालं, आणि आता ऐंशीच्या पुढच्या सालांत त्याला त्याहूनही मोठं नाव मिळालं. जंगलाचं नाव मोठं होत गेलं तशी आमची घरं लहान होत गेली. नियम आला की घर आहे तेवढंच राहील. गवताचं असेल तर गवताचंच, कौलं नाहीत. कुडाची भिंत पडली तर कूडच घालायचा, वीट नाही. शाकारणी करायला मुभा. वाढवायला, हलवायला, नवं काढायला परवानगी हवी. परवानगी द्यायला साहेब लागतो, आणि साहेब बहुधा फिरतीवर असतो.

"वाघिणीला पिल्लं झाली तर तिला कोण इचारतंय का, गुहा का वाढवलीस म्हणून?" लखू म्हणायचा.

"वाघिणीनं अर्ज केला न्हाई कधी," मी म्हणायचो. "तू करून बघ."

आणि त्या वर्षी त्याला अर्ज करावाच लागला. सून सुंदरी पोटुशी होती, माघात बाळंत व्हायची. एरवी बाई माहेरी गेली असती, पण तिचं माहेर सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आई त्या आधीच गेली, आणि भाऊ रामनगरच्या वसाहतीत एका खोलीत पाच माणसं घेऊन बसलेला. नवरा वासू गोव्यात खाणीवर. म्हणजे बाळंतपण इथंच व्हायचं. आणि सातेरी ज्या आढ्याखाली आहे त्या आढ्याखाली बाळंतपणाचं सोयर चालत नाही. वेगळं छप्पर हवं. गायी बांधायच्या पडवीएवढं, चार वाशांचं. दुसरं काही नको होतं.

आधी देवीलाच विचारून झालं. मातीच्या अंगावर ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. फूल ना उजवं पडलं ना डावं. दुसऱ्या दिवशी बघतो तर वाळवीनं त्यावर माती लिंपून टाकलेली.

"झालं," वाडीतली सुईण काशी म्हणाली. "अर्ज आत घेतला. आता बसा वाट बघत."

मग लखू आणि मी जंगलखात्याच्या कचेरीत गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता. आम्हाला बाकावर बसवलं, चहासुद्धा दिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मातीचा ढीग आहे ना? फोडून टाका."

लखूनं दोन्ही गालांवर चापट मारून घेतली. "साहेब, देवी हाय ती."

"मग बाळंतपण तिच्यासमोरच करा. देवी काय बाई नाही?"

"साहेब, देवी हाय."

"शेजारच्या घरात?"

"त्यांच्या घरातबी देव हाईत. दुसऱ्याचं सोयर कोण घेईल?"

"दवाखान्यात न्या."

"नेऊ की. पण दवाखान्यातनं परत कुठं आणू? घरातच की हो!"

साहेबानं जरा विचार केला. खरंच केला, मी बघत होतो. त्याची कपाळाची शीर हलत होती. मग म्हणाला, "हे बघा, हे जुनं जंगल, जुनी घरं. हे जसं होतं तसं राहावं म्हणून नियम. आज तुम्हाला पडवी दिली की उद्या सगळे मागतील."

"आमची पाचच घरं हाईत, साहेब. सगळे म्हणजे आणखी चार."

"आगोदिल्ला," साहेब म्हणाला.

कानडीत याचा अर्थ 'व्हायचं नाही'. आमच्याकडं पोर आधी आई म्हणतं, मग हा शब्द शिकतं.

आमच्या भागाचा गार्ड पुंडलिक, खानापूरकडचा. मिशी मोठी आणि काळीज मऊ. असल्या माणसाला खाकी देऊ नये, खाकीचे आणि माणसाचे, दोघांचेही हाल होतात. तो लखूच्या घरी आला, पेज प्याला, सुंदरीकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून बसला. मग एकदम म्हणाला, "लखूअण्णा, वाढवायचं न्हाई म्हणतोय न्हवं नियम?"

"व्हय."

"कमी करायचं न्हाई, असं कुठं म्हणतोय?"

सगळे त्याच्या मिशीकडं बघायला लागले.

"पुढची गायींची पडवी हाय ती घराच्या वाशांनाच जोडलेली. मधनं कापा की! हातभर वासे उडवा. मधी आभाळ दिसू दे. पडवीचं छप्पर वेगळं झालं, सुंदरी तिथं. माझ्या टेपात घर उलट हातभर कमी भरंल. कमी केलं म्हणून कोण कुणाला धरतंय?"

काशीनं बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. रुक्मा म्हणाली, "ह्या मानसाला साहेब करा गे कोणतरी!" आणि लखूनं त्याच दुपारी कोयता घेतला.

सांगतो, असलं सुरेख काम आमच्या वाडीत पुन्हा झालं नाही. वासे कापले, कूड कापला, मध्ये हातभर उजेड पडला. एका बाजूला घर नि सातेरी, दुसऱ्या बाजूला पडवी. त्या फटीतून वारा असा सुटायचा की लखूचा कोंबडा आरवायला चोच उघडायचा तर वाराच त्याच्या तोंडातून आरवायचा. गायी फणसाखाली हलवल्या. रुक्मानं पडवी शेणानं सारवली, काशीनं कोपऱ्यात विळा ठेवला. सुंदरी आत जाऊन बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "मामंजी, हितं झोप येती गा. तिथं देवी रात्रभर दात खायची." वाळवी लाकूड खाते त्याचा आवाज, पण पोरीला कोण सांगणार.

मग साहेब फिरतीवर आला. इतकी वर्षं फिरतीवर असायचा तो दुसरीकडं. या वेळी आमच्याकडं आला.

जीप खाली ओढ्याला ठेवून चालत वर आला. घराभोवती एक फेरी मारली. पुंडलिक पुढं झाला, टेप धरली, मोठ्यानं आकडा वाचला. "हातभर कमीच हाय, सर."

साहेब फटीसमोर उभा राहिला. फटीतून त्याला पलीकडचा डोंगर दिसत होता. "पुंडलिक," तो म्हणाला, "यादीत लखूची घरं किती?"

"एक, सर."

"इथं किती दिसतात?"

पुंडलिकानं घराकडं बघितलं, पडवीकडं बघितलं. त्याची मिशी खाली आली, मी डोळ्यांनी बघितली.

"दोन, सर."

"म्हणजे एक नवं."

"नवं कसलं, साहेब!" लखू ओरडला. "बापानं घातलेली पडवी ती!"

"तेव्हा ती घर नव्हती, घराचा भाग होती. आता तिला वेगळं छप्पर आहे, वेगळं दार आहे, आत माणूस राहतंय." साहेब चिडून बोलत नव्हता, शाळेत समजावतात तसं समजावत होता. "याला मी काय म्हणू?"

लखूनं कंबरेचा कोयता काढून जमिनीवर ठेवला आणि हात जोडले. "चुकलं. आत्ताच्या आत्ता परत जोडतो. होतं तसं करतो."

"जोडणार म्हणजे काय? आता घर इथं संपतंय." साहेबानं काठीनं घराच्या कडेला रेघ मारली. "त्याला पुढं पडवी जोडणं म्हणजे घर वाढवणं."

शेवटी मीच म्हणालो, "साहेब, कापलं तरी गुन्हा, जोडलं तरी गुन्हा. मग लखूनं आता करायचं काय?"

"जे जास्तीचं आहे ते काढायचं," साहेब म्हणाला. मग माझ्याकडं बघून जरा खालच्या आवाजात, "आज मी नाही काढलं, तर माझ्यावरचा उद्या येऊन मला विचारेल." आणि तेही खरंच असणार. त्याच्यावरही कोणीतरी होता, आणि त्याच्यावरही असेल. आभाळापर्यंत साहेबांची शिडी लागलेली होती म्हणा ना.

पडवी उतरवली पुंडलिकानंच. भाग त्याचा, म्हणून काम त्याचं. एकेक वासा काढून तो हळू खाली ठेवत होता, जसं आत कोणीतरी निजलंय. सुंदरी फणसाखाली गायींत बसून बघत होती. रुक्मानं त्याला पेज दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

"पुंडलिकराव," लखू एकदाच म्हणाला, "तुमी सांगितलंत म्हणून कापली."

"व्हय," पुंडलिक म्हणाला. एवढंच.

पडवी गेली, तिची सारवलेली चौकोनी जमीन तेवढी उघडी राहिली. आणि पोरं नियम वाचत नाहीत. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपार कलायच्या आधीच सुंदरीला कळा सुरू झाल्या. दवाखान्याला न्यायचं म्हटलं तर खाटेवर घालून खाली ओढ्यापर्यंत, तिथून सडक, आणि सडकेवर बस मिळाली तर मिळाली. "पोचायची न्हाई," काशी म्हणाली. "पोर दाराशी आलंय."

सुंदरी उठली, पोट धरून चालत त्या उघड्या चौकोनात गेली आणि मधोमध बसली.

"हितं छप्पर न्हाई," ती दात दाबून म्हणाली, "म्हणजे देवीचं आढं न्हाई. आणि हितं बांधल्यालं कायबी न्हाई, म्हणजे सायबानं मोडायचं कायबी न्हाई. आता तुमी सगळी गप बसा."

पाची घरांतल्या बायका कांबळी घेऊन धावल्या. माघाची थंडी, त्यात ओढ्याकडचा वारा. दोन पोरी काठ्या रोवायला लागल्या, त्यांवर कांबळं टाकायचं म्हणून. एवढ्यात पुंडलिक वाटेनं धावत आला. कोणी सांगितलं त्याला कोण जाणे.

"काठी रोवू नका!" तो लांबूनच ओरडला. "रोवू नका, पाया पडतो! काठी रोवली की बांधकाम झालं!"

"मग काय करू रे मुडद्या?" रुक्मा फिरली त्याच्यावर. "आभाळाला बांधू?"

"हातात धरा. मानसानं हातात धरलेलं बांधकाम न्हवं. मी... मी तसं सांगीन."

मग बायकांनी धरलं. चारी बाजूंनी कांबळी, घोंगडी, एक नवी गोधडी, आणि आतमध्ये काशी नि सुंदरी. बायका कमी पडल्या तशी लखूनं पाठ आत आणि तोंड बाहेर करून एक कोपरा धरला, मी दुसरा. पुंडलिक लांब उभा राहिला, मग टोपी काढून जवळ आला आणि आमच्यासारखीच पाठ फिरवून तिसरा कोपरा धरला. खाकीतली भिंत होती ती, पण वारा तिलाही मोजत नव्हता.

पोर झालं. पोरगी. इतक्या जोरानं रडली की अणशीच्या घाटात बस थांबली, ड्रायव्हरला वाटलं मागून कोणीतरी हॉर्न देतंय. कांबळ्याच्या आतून काशीचा आवाज आला, "सुखरूप हाईत दोघी!" आणि भिंतीच्या सगळ्या बाजू एकदम हसल्या.

हसता हसता रुक्माच्या हातून कडा सुटली.

"भिंत पडली गे!" आतून सुंदरी ओरडली. "वारा येतोय पोरीला!"

रुक्मानं कडा उचलली. "किती येळ धरायचं म्हणता, पुंडलिकराव?"

पुंडलिक समोर घराकडं बघत होता, जिथं आत ती दुसरी, हात लावायचा नाही अशी सातेरी, आरामात वाढत होती.

"सोयर दहा दिसांचं," आतून काशीच बोलली.

सूर्य डोंगराला टेकला होता. एकीच्या घरी चुलीवर भात होता, एकीचं पोर पाळण्यात होतं, लखूच्या गायी फणसाखाली दूध काढायला हंबरत होत्या. कोणी कोपरा सोडला नाही. पण कोण कधी सोडणार, हे प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातांकडं बघून ठरवत होता, आणि मी माझ्या हातांकडं बघत होतो. पहिला दिवस अजून मावळायचा होता.