शेवटची डिश

“आधी हात गरम कर, मग डिश उचल. पेशी दचकतात.”

वीस वर्षांपूर्वी काकांनी दिलेली ही ताकीद आठवून तिनं तळवे चोळले आणि इनक्युबेटरचं दार उघडलं. आत अंगाइतकी ऊब होती. उरलेल्या एकुलत्या डिशमध्ये काकांच्याच यकृताच्या पेशी होत्या. प्रयोगशाळेतल्या या जुन्या तंत्रज्ञाला जाऊन नऊ दिवस झाले होते. यकृत दुसऱ्या कुणाला बसवण्याजोगं नव्हतं, म्हणून काकूंनी ते इथं दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळं जागच्या जागी, टवटवीत. तिच्या अंगावर काटा आला. रोजच येई.

पेशींच्या अंगावर इन्सुलिन पकडणारे रिसेप्टर असतात, दारावरच्या कड्यांसारखे. सतत भरपूर इन्सुलिनमध्ये ठेवलं, की पेशी त्या कड्या आत ओढून घेतात. रोज एक, अशा आठ डिश मोजून झाल्या होत्या. किती कड्या उरल्या ते कळावं म्हणून घातलेलं चकाकणारं इन्सुलिन दर डिशला आधीपेक्षा कमीच चिकटलं होतं.

“कितीही हाका मारा, ओ देत नाहीत,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. “या शेवटच्या डिशचा डोस दुप्पट करा.”

“काकांना सगळे ओरडूनच हाका मारायचे,” ती हळूच म्हणाली. “शेवटी शेवटी ते ऐकेनासेच झाले होते. एक दिवस हिला इन्सुलिनशिवाय ठेवू या?”

“तुमचे उपास आता डिशलाही का?” मॅडम हसल्या. “ठेवा. पण मोजायचं तर पेशी फोडाव्या लागतील. मागे काही उरणार नाही, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी तिचा हात धरून विचारलं होतं, “म्हणजे ते अजून आहेत का गं?” मग त्याच म्हणाल्या होत्या, “संपलं की सांगायला तूच ये. फोन नको. तोवर मी त्यांचं पान मांडते.” ती “येईन” म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डिश बर्फावर ठेवली, चकाकणारं इन्सुलिन घातलं, धुतलं, पेशी फोडल्या. यंत्रावर आकडा उमटला. पहिल्या डिशइतका नाही, पण जवळपास तेवढाच.

त्याच क्षणी पाठीमागे कुणीतरी “ओ” म्हणाल्यासारखं झालं.

मॅडमनीही मान वळवली होती. मागे कुणी नव्हतं.

“आकडा लिहून घेते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही निघा.”

तिनं इनक्युबेटर बंद केला, हात धुतले आणि चपला घातल्या. बस समोरच उभी होती. ती मात्र काकूंच्या घराकडे चालतच निघाली.