कुलपाभोवतीचा कागद

नात कपाटाच्या दारावर कागद धरून पेन्सिल आडवी घासत होती, तीही नेमकी कुलपाभोवती. आजीने मागून येऊन तिची वेणी पकडली.

"काय गं भवाने, काय उतरवून घेतेस?"

"पोत, आजी! खरबरीत, गुळगुळीत, सगळं कागदावर उठतं. चित्रकलेच्या सरांनी सांगितलंय, घरातलं सगळ्यात जुनं लाकूड शोधा."

आजीच्या मनात पाल चुकचुकली. कपाटात तिच्या नवऱ्याचं सोन्याचं घड्याळ होतं. किल्ली तिच्या गळ्यात. सुनांवर तर तिचा तसाही विश्वास नव्हता.

विश्वास एकट्या धाकट्या मुलावर. तो डाव्या हाताने चहा ढवळत म्हणाला, "आई, त्या मास्तरचं लक्षण धड नाही. आज कपाट, उद्या कुलूप. पोरीचा वर्ग बंद कर."

"अहो आई, अभ्यासच आहे तो," पोरीची आई म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी आजी थेट वर्गात शिरली. पोरं डोळे मिटून विटा, गोणपाट, झाडाची साल चाचपत होती. मास्तरचे हात कोपरापर्यंत कोळशाने काळे.

"या आजी! तुमच्या कपाटाबद्दलच बोलत होतो."

"बोला की! आत काय आहे तेही सांगून टाका पोरांना."

मास्तर हसला. त्याने नातीचा कागद पुढे धरला. "बाकीच्यांची फळी नुसती फळी. इथे बघा, लाकडाच्या रेषा उभ्या, आणि कुलपाजवळ हे तिरके ओरखडे. नजरेला दिसत नाहीत, पेन्सिलीला सापडले. कडा धारदार आहेत, म्हणजे ताजे. स्क्रूड्रायव्हर घसरला असणार." त्याने फळ्यावर रेघा ओढल्या. "उजवा हात असा झुकतो, डावा असा. हे डाव्याचे. घरात डावरं कोण आहे?"

आजीचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

"कुणी नाही," आजी म्हणाली. "आमच्यात सगळे सरळ." कागद मात्र तिने मागून घेतला.

घरी धाकटा चहाच पीत होता. "केलास बंद वर्ग?"

"बंद कशाला? दर रविवारी कुलपाभोवती कागद घासायला सांगितलंय पोरीला. नवा ओरखडा उठला की कळेल."

चमचा कपात थांबला.

"आणि राजा, तो स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आणून दे."