मातीत घातलेली करवत

मी करवत बोलतेय. हातकरवत नव्हे, इंजिनावर धावणारी, साखळीची. लाकूड कापायला जन्मले आणि उभी हयात तेच केलं. माझा मालक, दोघा भावांतला थोरला, लाकूडतोड्या. काम झालं की साखळीला तेल, दातांना कानस, मग मी खुंटीवर. एवढे ओंडके कापले, पण माणसाचं रक्त कधी काढलं नाही. त्याचा मला ताठा होता.

धाकटा नळ जोडायचा. खणायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. रस्त्यापासून घरच्या मोरीपर्यंत पाइप टाकायचा होता. जमीन अशी, की कुदळ आपटली तर ठिणगी उडावी. हातभर खणून त्याने कुदळ भिरकावली आणि मला खुंटीवरून उतरवलं.

थोरला म्हणाला, "तिला मातीत घालू नकोस. लाकूड वासावरून कळतं. मातीत कुणी काय पुरलंय, कुणास ठाऊक."

"दादा, वहिनीला इतकं जपलं असतंस तर ती माहेरी गेली नसती."

थोरला मागे सरला. वर्मी लागलं होतं.

वेल्डरने माझ्या साखळीवर पोलादाचे रुंद दात जोडले. हातापुढची ढाल म्हणजे माझा ब्रेक. मी उसळले की तीच साखळी थांबवायची. माती बसून ती सारखी अडकू लागली, तेव्हा धाकट्याने तीही काढली. "मातीला कसली ढाल?"

मी माती चावत निघाले. दगड लागला की दाढा हादरायच्या. मी किंचाळत होते. त्याला वाटलं, जोरात आहे.

धाकट्याची बायको दारातून म्हणाली, "जरा सरळ चालवा. पाइप टाकायचाय, साप नाही."

फाटकापाशी लोखंड लागलं. जुन्या फाटकाचा खांब. फाटक बदललं तेव्हा धाकट्यानेच तो जमिनीलगत कापून वर माती लोटली होती. उपटायचा तर खणावं लागलं असतं. पुढे तो विसरूनही गेला.

दात अडकला. मी उसळले. थांबवायला ढाल नव्हती. लाकडाला आधी साल असते, मग गाभा. मांडीला तेवढाही वेळ लागत नाही. हाडात रुतून मी बंद पडले.

थोरला धावला. माझी सुरू करायची दोरी उपटून त्याने मांडीला गुंडाळली, पान्हा घालून पिळली.

"दादा, माझा पाय..."

"पाय गेला. तू राहा."

तो राहिला. पाय मांडीतच संपला.

मी आता अडगळीत आहे. दातांत माती, विजारीच्या चिंध्या आणि त्याचं मांस वाळलंय. काल तो कुबडी टेकत आला. मला उलटीपालटी करून म्हणाला, "दादा, दात जरा मोठे झाले होते. लहान लावून घेऊ. थोडंच तर राहिलंय."

थोरला उठला. कुदळ उचलून चरात उतरला.

मालक, एकच मागते. मला तेल पाजू नकोस, कानस लावू नकोस. भट्टीत घाल. त्याचा एक पाय अजून शिल्लक आहे.