रिंगणातलं कपाट

आमचे हे बॉक्सर होते, पण मारामारीचा त्यांना मनापासून कंटाळा. त्यांचा सगळा खेळ अंतराचा. समोरच्याच्या हातापासून चार बोटं लांब राहायचं, पायांवर फिरत राहायचं. तो चिडून झेपावला की डावा हात त्याच्या नाकावर ठेवून द्यायचा आणि पुन्हा लांब. माझे वडील सुतार. ते विचारायचे, "तुझा नवरा लढायला जातो की शिवाशिवी खेळायला?"

सराव आमच्या एकाच खोलीत चाले. मी केरसुणी घेऊन अंगावर धावायचे, हे चुकवायचे. पाच वर्षांत केरसुणीची एक काडीही त्यांना लागली नाही. दाराच्या उजव्या हाताला वडिलांनी लग्नात दिलेलं आरशाचं कपाट होतं. "त्याला धक्का लागला तर तुमची खैर नाही," असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेवढा कोपरा सोडून हे खोलीभर नाचायचे.

मग तो सामना ठरला. जिंकले तर क्लबात प्रशिक्षकाची जागा. हरले तर दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांच्या हाताखाली रंधा मारायचा. वडील माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसले होते. जावयाच्या कानामागे लावायला नवी पेन्सिलही त्यांनी खिशात आणली होती.

समोरच्याला सगळे हातोडा म्हणत. दोन फेऱ्या ह्यांनी त्याला नुसता गरागरा फिरवला. तिसऱ्या फेरीत तो धापा टाकत उजवीकडच्या कोपऱ्याला टेकला, आणि हे थबकले. हात उचलेनात. दोनदा पुढे गेले, दोनदा वळसा घालून परत आले. हातोडा तिथे उभ्या उभ्या निवांत दम खाऊ लागला.

"झालं. दमला तुझा नवरा," वडील म्हणाले. "उद्या आठला पाठव."

मला मात्र दिसलं. हातोडा आमच्या कपाटाच्या जागी उभा होता.

मी उठून ओरडले, "अहो, कपाट विकलं मी. मारा आता."

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि उजवा हात घातला. हातोडा खाली बसला तो पंचांचे दहा आकडे संपले तरी उठला नाही. उठले ते माझे वडील. "विकलंस? सागवान होतं ते," एवढं म्हणून निघून गेले.

आम्ही घरी पोचलो तर ते दाराशी उभे. कुलूप काढताच आत शिरले, कपाट पाहिलं, बिजागऱ्या हलवून बघितल्या. मग खिशातली पेन्सिल ह्यांच्या हातात दिली. "घ्या, प्रशिक्षक. पोरांच्या चुका लिहायला होईल."

ते गेल्यावर हे कपाटासमोर उभे राहिले, नेहमीसारखे चार बोटं लांब.

"खरंच विकलं असतंस तर बरं झालं असतं," म्हणाले. "तू ओरडलीस तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, खोली मोठी आहे आपली."