फरशीवरची हाक

खोटं कशाला बोलू, मला तो पुरस्कार पाहिजेच होता. वेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीत सतरा वर्षं मी अंगणवाडी चालवतेय. दिव्यांग पोरांना बाकीच्यांत सामावून घेणाऱ्या सेविकेचा भोरला सत्कार होणार, हे कळल्यापासून माझं कशात चित्त लागेना. आमच्याकडं छाया आहे, चार वर्षांची, ठार बहिरी. मी अर्ज भरला. तिला फरशीवर थाप मारून बोलवायची पद्धत मी शोधली, असंही लिहिलं.

शोधली होती सगुणाबाईंनी. या आमच्या मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, सगळं त्याच बघतात. फरशीवर दोन थापा दिल्या की बसल्या जागी छायाला हादरा कळतो आणि ती वळून बघते, हे त्यांच्याच ध्यानात आलं. मग बावीसच्या बावीस पोरं तिला तसंच बोलवायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

पाहणीला दोन मॅडम यायच्या होत्या. सगुणाबाईंचं तोंड फटकळ. विचारलं तर खरं सांगून मोकळ्या होतील, या भीतीनं सकाळीच मी त्यांना रजिस्टरं देऊन वेल्ह्याच्या ऑफिसला पिटाळलं.

"आजच?" त्या म्हणाल्या.

"आजच."

मग शेजारून जाड सतरंजी मागून आणली, पाहुण्यांसाठी पार उंबऱ्यापर्यंत अंथरली, आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले.

मॅडम आल्या तेव्हा छाया उंबऱ्यापाशी पाठमोरी बसली होती, सगुणाबाई गेल्या त्या रस्त्याकडं बघत.

"बोलवा बरं तिला," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

मी थाप मारली. एकदा, दोनदा, चारदा. पोरांनीही मारल्या. छाया ढिम्म. मॅडमनी घड्याळ बघितलं. शेवटी मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, तर ती दचकली आणि मोठ्यानं रडायला लागली. माझ्याकडं बघेचना. माझी मलाच लाज वाटली. मॅडमना तिथंच सोडून मी फाट्याकडं पळाले. नशीब, सगुणाबाईंची एसटी अजून आली नव्हती.

"चला, छाया रडतीय," एवढंच मी सगुणाबाईंना म्हणाले.

आत येताच त्यांनी आधी सतरंजी गुंडाळली. "एवढ्या जाड अंथरुणातनं तिला कसं कळायचं?" म्हणाल्या, खाली बसल्या आणि दोन थापा दिल्या. छाया रडता रडता वळली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

"हे तुम्ही शोधलंत?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"न्हाई. बाईंनी शिकिवलं."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

मॅडमची जीप गेल्यावर सगुणाबाई भांडी घासायला बसल्या. "खोटं का बोललात?" मी विचारलं.

"त्या कागदात मदतनिसाला रकाना हाय का?"

"नाही."

"मग? खरं बोलून दोघींचंबी गेलं आस्तं. तुमचं नाव झालं तर छायाचं कुणीतरी बघंल. तिला कानाचं मशीन पायजे."

सकाळी त्यांना का पिटाळलं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी बाई माझ्यासाठी खोटं बोलली. मला माझाच असा संताप आला की बसवेना. मागच्या अंगणात जाऊन मोठ्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ती थाप सगुणाबाईंची. अर्जात मी खोटं लिहिलं. त्यांना रकाना नसेल तर माझाही रिकामा ठेवा. पण छायाच्या मशीनचं तेवढं बघा."

"मंगलताई, मग पुरस्कार दुसऱ्या गावाला जाईल."

"जाऊ द्या."

फोन ठेवला आणि रडू आलं. सतरा वर्षांत एकदाच नाव येणार होतं. तोंडावर पाणी मारून आत गेले.

"कुणाला फोन लावला?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तांदळाच्या टेम्पोवाल्याला," मी म्हणाले. "उद्या येतो म्हणाला."