गुरुत्वाकर्षण शून्य धरून

"दिवा विझला तर पुन्हा लाव, पण तेवतोच आहे असं सांगू नकोस." आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी देवासमोर बसले की हे ऐकू येतं. ऑफिसात जरा जास्तच.

आमची कंपनी रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरखाली बसवायचे डँपर बनवते. आत तेल, तेलात पिठाहून बारीक लोखंडाचे कण. चुंबक चालू झाला की कण साखळ्या धरतात, तेल घट्ट होतं, खड्ड्याचा हिसका रुग्णापर्यंत पोचत नाही. हे कण कसे हलतील ते आधी संगणकावर हलवून बघायचं, हे माझं काम.

बघितलं. गाडी महिनाभर उभी राहिली तर कण तळाशी बसतात. मग चुंबक लावून उपयोग काय? वर नुसतं तेल.

गिरीधर साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "सईबाई, हे खाली का पडतायत?"

"गुरुत्वाकर्षण, सर."

"ते तुम्ही घातलंत?"

"नाही सर, आधीपासूनच आहे."

"काढून टाका. शुक्रवारी ग्राहक येतोय. गुरुत्वाकर्षण आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

पुण्याहून नुकताच आलेला अनय खूश झाला. "कणांना सोनेरी रंग देऊ, मॅडम? टी. नगरच्या सोन्याच्या पेढीतल्या साखळ्या वाटतील!" त्याने गुरुत्वाकर्षणापुढे शून्य लिहिलं आणि बटणाकडे बोट नेलं.

"अय्यो, थांब!" साहेब ओरडले. "बुधवार आहे. दीडपर्यंत राहूकाळ!"

दीडपर्यंत सगळे हात बांधून बसलो. पृथ्वीची ओढ रद्द झाली होती, राहूची नव्हती.

संध्याकाळी अहवाल माझ्या टेबलावर आला. 'कितीही दिवस उभं ठेवलं तरी कण बसत नाहीत.' खाली माझ्या सहीसाठी जागा.

"सर, बसतात."

"एवढी व्रतं करता तुम्ही, थोडी श्रद्धा ठेवा की!"

"देवावर आहे, सर. लोखंडावर ठेवायची आमच्यात पद्धत नाही."

"उद्या दहाला सही हवी. नाहीतर अहवाल अनय बघेल, तुम्ही रंग बघा."

घरी पोचते तोच कंपनीच्या ओरगडमच्या चाचणीशाळेतून तिथल्या तंत्रज्ञ अलमेलूचा फोन. "अक्का, तुम्ही सांगितलेला डँपर चाळीस दिवस हलवला नाही. झाडूवालीलासुद्धा हात लावू दिला नाही. उद्या उघडायचा ना? पण तुम्ही समोर हव्यात हां. एकटीने उघडला तर म्हणतील, अलमेलूनेच काहीतरी केलं."

"किती वाजता?"

"नऊला. नक्की याल? साहेबांना विचारून की न विचारता?"

"येते म्हटलं ना."

गुरुवारी पारायण आटोपलं, उपास असल्याने डबा घ्यायचा नव्हता. सही न केलेला अहवाल पिशवीत घातला, चपला सरकवल्या आणि ऑफिसच्या नाही, ओरगडमच्या बसच्या थांब्याकडे चालू लागले.